सार्वजनिक म्हणजे कोणाचें ?

भाद्रपद जवळ आला कीं काळाचौकीच्या गल्लीगल्लींतून बांबू, दोर व पडदे यांची धांदल सुरू होते. लालबाग, चिंचपोकळी व शिवडी यांच्या शेजारचा हा भाग. एके काळीं येथील दिवस-रात्र गिरण्यांच्या भोंग्यांवर मोजली जात असे. आतां भोंगे थांबले, गिरण्या गेल्या. परंतु रात्रीं एकत्र जागण्याची या वस्तीची संवय गेलेली नाहीं. गणपतीच्या दहा रात्री, नवरात्राच्या नऊ रात्री, मैदानांतील नाटकें, चाळीच्या चौकांतील भजनें, यांतून येथील माणूस आपलें सुखदुःख चारचौघांत मांडीत आला आहे. या सर्व कार्यक्रमांस आपण 'सार्वजनिक' म्हणतों. तो शब्द आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्याचा अर्थ काय हें कोणी विचारीत नाहीं. या महिन्यांत तो विचारावा असें आम्हांस वाटतें. सार्वजनिक म्हणविणाऱ्या जागीं कोणीं यावें, कोणीं व्यासपीठावर बसावें आणि कोणीं दाराशींच घुटमळावें, हा प्रश्न कायमचा मिटला आहे असें समजणें भोळेपणाचें होईल.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला काळाचौकीपासून थोड्याच अंतरावर, दादरास, घडला. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी सर्व हिंदूंकडून गोळा होत असे. अस्पृश्य मानलेल्या समाजाचा पैसाही तींत असे. मग त्या गणपतीची पूजा करण्याचा अधिकार त्या समाजास कां नसावा, असा साधा सवाल प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९२६ सालीं उभा केला. रावबहादुर सीताराम केशव बोले व डॉ. आंबेडकर हे त्यांच्या बाजूस होते. मंडपापाशीं मोठा जमाव जमला. हक्क न मिळाल्यास मूर्तीच फोडून टाकूं, अशी निर्वाणीची भाषा प्रबोधनकारांनीं केली. अखेर एक तडजोड निघाली : अस्पृश्य समाजाचे पुढारी मडकेबुवा यांनीं लाल फुलांचा गुच्छ ब्राह्मण पुजाऱ्याच्या हातीं द्यावा, व पुजाऱ्यानें तो गणपतीस वाहावा. तसें झालें. फूल देवापर्यंत पोंचलें. तें देणारा हात मात्र अलीकडेच राहिला. आणि एवढी तडजोडही कित्येकांस सोसली नाहीं. तो उत्सव पुढें बंद पडला. प्रबोधनकारांनीं त्याच वर्षीं लोकहितवादी संघाच्या वतीनें दादरास सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला, तो याच भांडणांतून.

ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांच्या काळची आहे. तिचा उल्लेख आम्ही कोणास लाजविण्यासाठीं करीत नाहीं. भेदाची किंमत शेवटीं कोण देतो, हें तींत स्वच्छ दिसतें म्हणून करितों. ज्यांना बाहेर ठेवावयाचें होतें त्यांचें नुकसान तर झालेंच; पण ज्यांनीं बाहेर ठेविलें त्यांच्याही वांट्याला मंडप उरला नाहीं. वांटून घेण्यापेक्षां मोडलेला बरा, ही वृत्ति एकदां शिरली कीं देवाचा उत्सवही तिच्यापुढें टिकत नाहीं.

कोणी म्हणेल, पूजाअर्चा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. त्यांत इतरांनीं कां पडावें? घरच्या देव्हाऱ्यापुरतें हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. घरच्या गणपतीस कोणाला बोलवावें हें घरचीं वडील माणसें ठरवितील. परंतु ज्या मंडपासाठीं दारोदार पावत्या फाडल्या जातात, जो महानगरपालिकेच्या परवानगीनें भररस्त्यांत उभा राहतो, ज्याच्या बंदोबस्तास पोलीस लागतात आणि ज्याचा ध्वनिक्षेपक सर्वांच्याच कानांवर आदळतो, तो मंडप कोणा एका जातीच्या किंवा टोळक्याच्या मालकीचा राहत नाहीं. वर्गणी घेतांना सर्व जण आपले, आणि आरतीचें ताट धरतांना मात्र निवडक, हा हिशेब १९२६ सालीं चुकीचा होता व आजही चुकीचाच आहे.

कायद्यानें ही गोष्ट टप्प्याटप्प्यानें मान्य केली. वर उल्लेखिलेल्या रावबहादुर बोल्यांनींच ऑगस्ट १९२३ मध्यें मुंबई कायदेमंडळांत एक ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, न्यायालयें, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असें त्यांत म्हटलें होतें. करमणुकीच्या जागांचा उल्लेख त्यांत नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें ती उणीव भरून काढिली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदानें, केवळ धर्म, वंश, जाति, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें व सार्वजनिक करमणुकीचीं ठिकाणें यांत मज्जाव करतां येत नाहीं. विहिरीच्या पंक्तीस नाटकगृह बसविणें हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु घटनाकारांनीं माणसाचा स्वभाव ओळखिला होता. पाण्यावांचून माणूस जगत नाहीं हें खरें. पण चारचौघांत बसून हंसण्याची व गाण्याची ज्यास बंदी, तो नागरिक नांवापुरताच उरतो. १९५५ सालच्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानें, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम हें नांव मिळालें, असा मज्जाव शिक्षेस पात्र ठरविला. महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आणि २०१९ सालच्या केंद्रीय कायद्यानें तृतीयपंथीय व्यक्तींस सार्वजनिक सोयी व सेवा नाकारण्यास मनाई केली.

कायदा दार उघडतो. आंत आलेल्यास मानानें बसवून घेणें हें काम वस्तीचें व घरोघरच्या माणसांचें आहे. तें कसें झालें आणि कोठें अडलें, यासाठीं गिरणगांवाच्या जुन्या रात्रींकडे पाहिलें पाहिजे.

कोंकणांतून व घाटावरून आलेला गिरणीकामगार बहुधा एकटा असे. कुटुंब गांवीं, येथें खानावळींत जेवावयाचें, आणि दहा-वीस जणांच्या खोलींत पाळी संपली कीं अंग टाकावयाचें. अशा माणसास घरपण दिलें तें रात्रीच्या भजनानें, नमनानें, शक्तितुऱ्याच्या सामन्यानें, लोकनाट्यानें व तमाशानें. लालबागच्या हनुमान थिएटरांत गांवोगांवचे फड येऊन आपले तमाशे रंगवीत. परळास सोशल सर्व्हिस लीगचें दामोदर नाट्यगृह उभें राहिलें. कोंकणी नमन-खेळ्यांस व कामगार रंगभूमीस त्यानें पिढ्यान् पिढ्या आसरा दिला. ९ मार्च १९२४ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांसाठीं बोलाविलेली सभा याच दामोदर हॉलांत भरली, व तिच्यांतूनच पुढें बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. म्हणजे ज्या सभागृहांत रात्रीं मृदंग वाजे, त्याच सभागृहांत माणुसकीच्या हक्कांची मागणीही उच्चारिली गेली. २०२३ सालीं ती जुनी वास्तु पाडण्याचें ठरतांच कलावंतांनीं जो आवाज उठविला, त्याचें मूळ या आठवणींत आहे. १९४४ सालीं अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनीं लाल बावटा कलापथक काढिलें. मातंग घरांत जन्मलेला एक शाहीर आणि मुसलमान घरांत जन्मलेला दुसरा एकाच डफावर गात होते, व त्यांना ऐकण्यासाठीं गिरणगांव लोटत होतें.

ही थोरवी खोटी नाहीं. परंतु ती अपुरी आहे. त्याच काळीं गिरण्यांत कापड विणण्याच्या खात्यांत अस्पृश्य कामगारास घेत नसत. धोट्यांतील सूत तोंडानें ओढावें लागतें व त्यानें विटाळ होतो, ही त्यावरची सबब. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढें आणिला. रात्रीं ज्याच्या कवनास टाळी दिली, त्यास सकाळीं आपल्या शेजारीं काम करूं द्यावयाचें नाहीं, असा हा प्रकार होता. तमाशाच्या फडांत महार, मांग व कोल्हाटी समाजांतील कलावंतांचा भरणा असे. त्यांच्या ढोलकीवर मान डोलविणारे कित्येक श्रोते त्यांना प्यावयास पाणी देतांना मात्र भांडें निराळें काढीत. कलेस दाद आणि कलावंतास अंतर, ही आपल्या समाजाची फार जुनी खोड आहे.

पांढरपेशा समाजही या खोडींतून सुटलेला नव्हता. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी यांनीं वतनदारीचें घर सोडून तमाशा जवळ केला व पठ्ठे बापूराव या नांवानें ते महाराष्ट्रभर गाजले. महार समाजांतील पवळा ही त्यांची रंगमंचावरील व जीवनांतील सहचरी. त्यांच्या लावण्या सर्वांच्या तोंडीं झाल्या. पण १९४५ सालीं बापूराव वारले ते विपन्नावस्थेंत. दुसरें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांस आपल्या आज्या-पणज्यांनीं डोक्यावर घेतलें. त्यांची लुगडें नेसण्याची व अंबाडा घालण्याची ढब घरोघर उचलिली गेली. परंतु तमाशांत व चित्रपटांत 'नाच्या' रंगविणारे गणपत पाटील यांच्या वांट्याला त्याच नटकौशल्याबद्दल कुचेष्टा आली. एकाचें स्त्रीरूप ही कला ठरली, दुसऱ्याचें थट्टेचा विषय झालें. दोघांत अंतर होतें तें रंगमंचाच्या प्रतिष्ठेचें, कौशल्याचें नव्हे.

आजही एखादा मुलगा मंडळाच्या कार्यक्रमांत लावणीवर नाचला कीं मागल्या रांगेंतून शीळ येते, व ती घरापर्यंत त्याचा पाठलाग करिते. १६ ऑगस्ट २००८ रोजीं मुंबईंत समलिंगी व तृतीयपंथीय व्यक्तींचा एक मोर्चा ऑगस्ट क्रांति मैदानांतून निघून गिरगांव चौपाटीवर पोंचला. तृतीयपंथीयांची ओळख सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं मान्य केली, व समलिंगी संबंधांवरील गुन्हेगारीचा शिक्का २०१८ सालीं पुसला. ज्या चौपाटीवर आपण गणपति विसर्जन करितों, तिचीच वाळू या माणसांनींही तुडविली आहे. तीं कोठून बाहेरून आलेलीं नाहींत; आपल्याच चाळींतील व आपल्याच आडनांवांचीं आहेत.

भेदाचा दुसरा प्रकार दाराशीं अडविण्याचा नसून व्यासपीठावरून डागण्या देण्याचा आहे. १९२० नंतरच्या दशकांत पुण्याच्या गणेशोत्सवांत ब्राह्मणेतरांचा छत्रपति मेळा व ब्राह्मणांचे मेळे यांच्या पदांतून जातीवरून एकमेकांची जी निंदा झाली, तिनें उत्सवाच्या रात्री कडवट केल्या. पदें चालीवर होतीं, गाणारीं मुलें गोड गळ्याचीं होतीं. म्हणून विष कांहीं कमी झालें नाहीं. उलट गाण्यांतून शिरलेला द्वेष भाषणांतल्या द्वेषापेक्षां अधिक दिवस स्मरणांत राहतो. आज मेळ्यांची जागा मिरवणुकींतील कर्णकर्कश ध्वनियंत्रणेनें घेतली आहे. दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळासमोर येतांच मुद्दाम आवाज चढविणें, किंवा विशिष्ट गाणें लावून घोषणा देणें, हें भक्तीचें लक्षण नव्हे. १९९२-९३ च्या दंगलींनीं हें शहर कसें होरपळलें, हें पाहिलेलीं माणसें आपल्या घरोघर आहेत. त्या वणव्यानंतर ज्यूलियो रिबेरो व तेव्हांचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्यासारख्यांच्या पुढाकारानें मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. तंटा पेटण्यापूर्वींच दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसावें, सणावारांच्या वाटा व वेळा बोलून ठरवाव्यात, एवढाच त्यांचा साधा मार्ग. तो आजही तितकाच उपयोगाचा आहे.

गिरण्यांच्या जमिनींवर आतां नवी रात्र अवतरली आहे. लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारांत उपाहारगृहें व नृत्यगृहें उभीं राहिलीं. जानेवारी २०२० पासून मुंबईंत कांहीं ठराविक आवारांतील दुकानें व उपाहारगृहें रात्रभर उघडीं ठेवण्यास मुभा मिळाली. या नव्या रात्रीस आमचा विरोध नाहीं. तरुणांनीं रात्रीं बाहेर पडावें, गाणें ऐकावें, मित्रमैत्रिणींत बसावें, यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु २९ डिसेंबर २०१७ च्या रात्रीं कमला मिलच्या आवारांतील आगींत १४ जीव गेले, आणि सुरक्षिततेचा पहिला अर्थ सर्वांस कळला : आंत आलेल्यास बाहेर पडण्याची वाट मोकळी हवी. त्याच सुरक्षिततेचा दुसरा अर्थ असा, कीं बाहेर उभ्या असलेल्यास पोषाख, भाषा किंवा चेहरा पाहून परत धाडूं नये. ज्यांच्या वाडवडिलांनीं त्या आवारांत तीन-तीन पाळ्या केल्या, त्यांच्याच मुलांस तेथील पहारेकऱ्यानें संशयानें न्याहाळावें, ही गोष्ट शोभणारी नाहीं.

काळाचौकीसही हा प्रश्न आतां दूरचा नाहीं. अभ्युदयनगरच्या जुन्या इमारतींवर पुनर्विकासाचे वारे वाहत आहेत. उंच इमारती उठतील, लोकांस मोठीं घरें मिळतील. तीं मिळावींत अशीच आमची इच्छा आहे. पण चाळीचा चौक जाऊन त्याच्या जागीं कुंपणाच्या आंतील सभागृह येतें, तेव्हां 'सार्वजनिक' या शब्दाचें क्षेत्र मुकाट्यानें आखडतें. चौकांत कोणीही येऊन उभें राहूं शके. सभागृहाच्या दाराशीं नोंदवही असते, आणि तीमध्यें कोणाचें नांव लिहावयाचें हें एक समिति ठरविते. शहीद भगतसिंग मैदानासारख्या मोकळ्या जागा जपणें हें म्हणूनच केवळ मुलांच्या खेळासाठीं नव्हे, तर वस्तीच्या एकोप्यासाठींही अगत्याचें आहे.

मग मंडळांनीं काय करावें ? आमच्या मतें गोष्टी साध्या आहेत. समितींत वस्तींतील सर्व थरांचीं माणसें असावींत. स्त्रिया केवळ हळदीकुंकवापुरत्या नसाव्यात, खजिन्याच्या किल्ल्याही त्यांच्या हातीं याव्यात. दर्शनाची रांग एकच असावी. निराळी वाट द्यावयाचीच तर ती वृद्ध, गरोदर व अपंग यांस द्यावी, श्रीमंतांस नव्हे. बोलाविलेल्या कलावंतांस कपडे बदलण्यास आडोशाची खोली, स्वच्छ शौचकूप, प्यावयास पाणी व आपल्याच पंक्तीस जेवण मिळावें. ठरलेली बिदागी त्याच रात्रीं हातीं पडावी, व स्त्री कलावंतांस घरापर्यंत पोंचविण्याची व्यवस्था असावी. वाजविण्याचीं गाणीं आधीं ऐकून घ्यावींत, आणि जाति, धर्म वा स्त्री यांची विटंबना करणारें गाणें थांबविण्याचा अधिकार एका जबाबदार माणसास द्यावा. गल्लीच्या टोंकापर्यंत दिवे असावेत, बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी, स्वयंसेवकांत मुलीही असाव्यात.

आणि इतकें करूनही कोणाचा अपमान झाला, कोणास धक्काबुक्की झाली, तर तक्रार कोणाकडे न्यावयाची तें नांव फलकावर ठळक लिहिलेलें असावें. अशा वेळीं बहुतेक ठिकाणीं पहिला विचार मंडळाच्या अब्रूचा होतो, व तक्रार करणाऱ्यासच गप्प बसविलें जातें. ही रीति अगदीं उलटी आहे. प्रथम त्या व्यक्तीस बाजूस नेऊन बसवावें, पाणी द्यावें, तिचें म्हणणें पुरतें ऐकावें. जरूर तर ११२ या क्रमांकावर पोलिसांस बोलवावें. तक्रार ऐकून घेतल्यानें मंडळाची अब्रू जात नाहीं. ती दडपल्यानें जाते.

राहतां राहिला प्रश्न आपल्या घरांचा. आमचे बहुतेक वाचक एकत्र कुटुंबांत राहणारे आहेत, आणि एकत्र कुटुंब हीच सार्वजनिक जीवनाची पहिली शाळा आहे. तेथें चार पिढ्या एकमेकांच्या आवडीनिवडी सोसून एका छपराखालीं नांदतात. ही संवय उंबरठ्यापाशीं संपूं नये. मुलानें नव्या मित्राचें नांव सांगितलें कीं त्याचें आडनांव विचारण्याची घाई, बातम्या पाहतां पाहतां एखाद्या धर्माविषयीं सहज उच्चारलेला शेलका शब्द, नाचणाऱ्या पुतण्याची काकांनीं केलेली थट्टा, हीं सर्व मुलें ऐकत असतात. मंडपांतील शीळ घरांतील हंसण्यांतूनच जन्मते. कित्येक घरांत मुलगी रात्रीं कार्यक्रमास निघाली कीं सगळे उपदेश तिलाच होतात. तेथें उभ्या असणाऱ्या आपल्या मुलानें कसें वागावें याचा उपदेश मात्र कोणी करीत नाहीं. घरांतील वडील पुरुषांनीं ही उणीव यंदा भरून काढावी. घरांतील स्त्रियांनीं दहा रात्रींपैकीं दोन रात्री तरी मंडपांत शेवटपर्यंत बसावें. वडीलधारी स्त्री समोर बसलेली असली कीं पुष्कळसा अतिप्रसंग आपोआप टळतो, हा वस्तीवस्तींतला अनुभव आहे.

लौकरच वर्गणीचें पुस्तक घेऊन मुलें दारीं येतील. त्यांस रिकाम्या हातानें परत पाठवूं नये. परंतु पावती घेतांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तुमच्या समितींत कोण कोण आहेत ? आरतीचें ताट कोणाकोणाच्या हातीं येतें ? आणि रात्रीं अकरा वाजतां एखादी मुलगी किंवा परका माणूस तुमच्या मंडपांत एकटा आला, तर त्याची काळजी कोण घेणार ? हे प्रश्न दहा घरांतून विचारले गेले, तर अकराव्या घरीं जाण्यापूर्वीं तीं मुलें उत्तरें शोधूं लागतील. १९२६ सालीं जे फूल दुसऱ्याच्या हातून देवास वाहावें लागलें, तें ज्याचें त्याच्याच हातून वाहिलें जावें, एवढ्यासाठीं वर्गणीसोबत हे तीन प्रश्नही आपण द्यावेत.